इंग्लंडमधले पूर्वज आणि तीन दाखले: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं सासर लँकशायरचं. मुलीला शाळेतून वंशवृक्ष काढून आणायला सांगितला, तेव्हा माझ्या बाजूची सात पिढ्यांची नावं आत्याने फोनवर एका दमात सांगितली. नवऱ्याच्या बाजूला त्याच्या आजोबांच्या पलीकडे कुणालाच काही ठाऊक नव्हतं. त्या रात्री पहिला दाखला मागवला आणि आता जन्म, लग्न आणि मृत्यू अशा तिन्ही दाखल्यांच्या चार फायली झाल्या आहेत. घरात इंग्रज सून किंवा जावई आलेली मराठी कुटुंबं, अँग्लो-इंडियन शेजारी आणि जुन्या कबरींवरची नावं वाचत फिरणारे पुण्या-मुंबईचे हौशी अभ्यासक मला पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र लिहून ठेवलं आहे.

सुरुवात कुठून करायची?

आपल्यापासून, आणि एकेक पायरी मागे. "आमच्यात कुणीतरी लॉर्ड होता म्हणे" असं धरून तिथून खाली उतरत येऊ नका. त्या वाटेने गेलेले बहुतेक जण दुसऱ्याच कुणाच्या तरी घराण्यात शिरतात.

साखळी अशी चालते. जन्माच्या दाखल्यावर आईवडिलांची नावं आणि आईचं माहेरचं आडनाव मिळतं. त्या दोन आडनावांवरून त्यांचं लग्न शोधायचं. लग्नाच्या दाखल्यावर नवरानवरीची वयं आणि दोघांच्या वडिलांची नावं व धंदे असतात. वयावरून जन्मसाल काढायचं आणि पुन्हा जन्माचा दाखला शोधायचा. एक दाखला हातात आल्यावर पुढचा कोणता मागवायचा ते कळतं, म्हणून एकदम पाच मागवून पैसे घालवू नका. आणि हे सगळं करण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाशेजारी वही घेऊन बसा. पत्र्याचा डबा, कौटुंबिक बायबलचं पहिलं पान, फोटोमागची अक्षरं बघून घ्या. कागद पुढच्या वर्षीही मिळतील, माणसाचं तसं नसतं.

हे दाखले कोणत्या सालापासून मिळतात?

इंग्लंड आणि वेल्समध्ये १ जुलै १८३७ पासून. त्याआधी बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद फक्त चर्चच्या वहीत होत असे, आणि कायद्याच्या लेखी वजन होतं ते मुख्यतः सरकारमान्य चर्च ऑफ इंग्लंडच्या वह्यांना. इतर पंथांच्या लोकांना वारसाहक्क सिद्ध करणं अवघड जाई. म्हणून १८३६ साली कायदे झाले, देशाचे नोंदणी जिल्हे पाडले आणि जनरल रजिस्टर ऑफिस उभं राहिलं. त्यालाच पुढे जीआरओ म्हटलं आहे.

स्कॉटलंडची नोंदणी वेगळी आहे. ती १८५५ साली सुरू झाली आणि तिथल्या दाखल्यांवर माहिती कितीतरी जास्त असते. आयर्लंडची पूर्ण नोंदणी १८६४ पासूनची. घरातले लोक 'इंग्लंडचे' म्हणतात तेव्हा गाव नक्की कुठे होतं ते आधी विचारा, कारण आपल्याकडे ग्लासगोचा माणूसही इंग्रजच ठरतो.

टपालाने येतो तो दाखला म्हणजे मूळ नोंद असते का?

बहुतेक वेळा नसते, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. मूळ नोंद स्थानिक रजिस्ट्रारच्या वहीत किंवा लग्न चर्चमध्ये झालं असेल तर चर्चच्या वहीत असते. दर तीन महिन्यांनी त्या नोंदींच्या हाताने केलेल्या नकला लंडनला जात. जीआरओकडे आहेत त्या या नकला, आणि त्यांच्यावरून तिथल्या कारकुनांनी इंडेक्स, म्हणजे नावांची सूची, बनवला. म्हणजे आपल्यापर्यंत येईतो नाव दोन-तीन हातांतून गेलेलं असतं. त्यात कुणाचा 'एल' वाचताना 'एस' होतो, एखादी ओळ गळते, कधी पानच सुटतं.

तेव्हा जीआरओच्या इंडेक्समध्ये नोंद नसेल तर ती झालीच नाही असं ठरवू नका. त्या जिल्ह्याच्या स्थानिक नोंदणी कार्यालयाला विचारा. एक अडचण तेवढी लक्षात ठेवा: जीआरओच्या इंडेक्समधला खंड आणि पान क्रमांक स्थानिक कार्यालयाच्या उपयोगाचा नसतो. त्यांना नाव, साल, ठिकाण आणि लग्न असेल तर चर्चचं नाव द्यावं लागतं.

इंडेक्स कसा वाचायचा?

वर्षाचे चार भाग: मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर. 'मार्च' म्हणजे जानेवारी ते मार्च. १९८४ पासून वर्षाचा एकच इंडेक्स झाला. प्रत्येक नावापुढे नोंदणी जिल्हा, खंड आणि पान असतं. ओल्डहॅमची १८५२ नंतरची नोंद असेल तर खंड '८डी', आणि पुढे पान.

इथे सगळ्यात जास्त चुका होतात त्या तारखेच्या. इंडेक्सची तिमाही ही नोंदणीची असते, जन्माची नव्हे. जन्म नोंदवायला बेचाळीस दिवसांची मुदत होती. कार्ल मार्क्सच्या घरी काम करणाऱ्या हेलेन डेमुथ यांचा मुलगा २३ जून १८५१ रोजी लंडनच्या सोहो भागात जन्मला आणि नोंद झाली १ ऑगस्टला. जून तिमाहीत त्याला शोधणारा रिकाम्या हाताने परत येईल, कारण तो सप्टेंबरमध्ये आहे. त्याच्या दाखल्यावर वडिलांचा रकाना कोरा आहे, आणि बाप कोण यावर अभ्यासकांचा वाद आजही चालू आहे.

दुसरी गोष्ट, जिल्हा म्हणजे गाव नाही. एका नोंदणी जिल्ह्यात वीस-तीस खेडी असू शकतात, आणि जिल्ह्याचं नाव त्यातल्या बाजारपेठेच्या गावाचं असतं. आपलं खेडं कोणत्या जिल्ह्यात येत होतं ते आधी बघून घ्या. हद्दीही वेळोवेळी बदलल्या आहेत.

इंडेक्समध्ये काय छापलेलं असतं तेही काळाप्रमाणे बदललं. जन्माच्या जुन्या छापील इंडेक्सात आईचं माहेरचं आडनाव १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासून येतं. लग्नाच्या इंडेक्सात जोडीदाराचं आडनाव १९१२ पासून, मृत्यूच्या इंडेक्सात वय १८६६ पासून. २०१६ साली मात्र जीआरओने जन्म आणि मृत्यूचा नवा ऑनलाइन इंडेक्स खुला केला आणि त्यात थेट १८३७ पासून आईचं माहेरचं आडनाव आणि मृत्यूसमयीचं वय दिलं. आमच्यासारख्यांची याने फार मोठी सोय झाली. एका जोडप्याची सगळी मुलं, लहानपणीच गेलेलीसुद्धा, दोन आडनावं टाकून एका संध्याकाळी गोळा करता येतात. लग्नं या नव्या इंडेक्समध्ये नाहीत. त्यासाठी फ्रीबीएमडी हे स्वयंसेवकांनी उतरवून काढलेलं विनामूल्य संकेतस्थळ वापरा. १९१२ पूर्वीच्या लग्नात नवरा आणि नवरी यांची नावं वेगवेगळी शोधायची आणि जिल्हा, खंड, पान जुळतं का बघायचं. एका पानावर दोन किंवा जास्त लग्नं असतात, त्यामुळे पान जुळलं म्हणून तेच दोघे एकमेकांचे, असं लगेच म्हणता येत नाही.

भारतात बसून मागवता येतो का? किती पैसे पडतात?

येतो, कुणालाही आणि कुणाचाही. आपल्याकडे तहसील किंवा महापालिकेत नातं सिद्ध करायची सवय असल्याने लोकांचा यावर विश्वास बसत नाही, पण तिथे या नोंदी सार्वजनिक आहेत. गेल्या पन्नास वर्षांतल्या नोंदीसाठी तेवढी जास्तीची माहिती विचारतात.

ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर जीआरओचं खातं उघडायचं. एप्रिल २०२४ पासून कागदी दाखला साडेबारा पौंड, पीडीएफ आठ पौंड आणि नुसती स्कॅन केलेली प्रतिमा तीन पौंड असा दर आहे. प्रतिमा शंभर वर्षांपूर्वीपर्यंतच्या जन्मांची आणि १८८७ पर्यंतच्या मृत्यूंची मिळते. लग्नासाठी कागदच मागवावा लागतो. पीडीएफ आणि प्रतिमा कायदेशीर पुरावा म्हणून चालत नाहीत, वंशशोधाला मात्र पुरेशा आहेत. प्रतिमेत तर मूळ हस्ताक्षर दिसतं, म्हणून मला तीच जास्त आवडते. हेच काम दुप्पट पैसे घेऊन करून देणारी खाजगी संकेतस्थळं शोधात वर येतात. तिथे जायची काही गरज नाही.

जन्माच्या दाखल्यात नेमकं काय बघायचं?

सगळे जण नाव आणि तारीख बघून कागद बाजूला ठेवतात. मी आधी 'सांगणारा कोण' तो रकाना वाचते. दाखल्यावर जे आहे ते कुणीतरी येऊन रजिस्ट्रारला सांगितलेलं आहे, आणि रजिस्ट्रारने ते तपासून पाहिलेलं नाही. ज्यांनी आपल्याकडे कोतवाल बुकातला उतारा काढला आहे त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. आईने सांगितलेली तारीख आणि शेजारणीने सांगितलेली तारीख यांना सारखं वजन देऊ नका. आणि आईनेही कधी बेचाळीस दिवसांची मुदत टळली म्हणून बाळाला दोन आठवड्यांनी धाकटं केलेलं असतं. चर्चमधला बाप्तिस्मा दाखल्यावरच्या जन्मतारखेच्या आधीचा निघाला, तर कारण बहुधा हेच.

सही नसेल तर तिथे फुली असते, आणि भोवती रजिस्ट्रारच्या अक्षरात 'हिची निशाणी' अशा अर्थाचे शब्द. आपला डावा अंगठा, त्यांची फुली. आमच्या घरच्या एका बाईने आठ मुलांच्या नोंदी केल्या. पहिल्या सहांवर फुली आहे, सातव्यावर वेडीवाकडी सही. मधल्या चार वर्षांत ती कुठेतरी लिहायला शिकली. त्या सहीवरून मी किती वेळा बोट फिरवलं असेल सांगता येत नाही.

आईच्या नावाचा रकाना नीट वाचा, कारण इथे भारतीय इंग्रजीची सवय घात करते. आईच्या नावानंतर 'फॉर्मर्ली' असेल तर पुढे माहेरचं आडनाव येतं. 'लेट' अमुक 'फॉर्मर्ली' तमुक असं असेल तर आपल्याला वाटतं कुणीतरी कैलासवासी आहे. तसं नाही. 'लेट'पुढचं आडनाव तिच्या आधीच्या लग्नाचं असतं. म्हणजे ती आधी एकदा लग्न झालेली बाई आहे आणि तुम्हाला आणखी एक लग्न आणि बहुधा पहिल्या नवऱ्याचा मृत्यू शोधायचा आहे.

जन्माची वेळ लिहिलेली दिसली तर खूश व्हा, पण कुंडली मांडायला नव्हे. इंग्लंडमध्ये वेळ सहसा जुळ्यांच्याच नोंदीत लिहितात. पुढच्या-मागच्या नोंदीत भावंड शोधा. स्कॉटलंडमध्ये मात्र वेळ सगळ्यांचीच असते.

वडिलांचा धंदा प्रत्येक मुलाच्या दाखल्यावर पुन्हा लिहिला जातो, म्हणून शक्य असेल तर सगळ्या भावंडांचे दाखले बघा. आमच्याकडे १८६० च्या दाखल्यावर बाप गिरणीत सूत काढणारा आहे आणि १८६३ च्या दाखल्यावर नुसता मजूर. मधे अमेरिकेतलं यादवी युद्ध आहे. तिकडचा कापूस बंद झाला, मुंबईचे कापूसव्यापारी रातोरात गब्बर झाले आणि त्याच वेळी लँकशायरच्या गिरण्या थंड पडून हजारो कुटुंबं मदतीच्या रांगेत उभी राहिली. शाळेत मी मुंबईचा कापूस, शेअरांचा सट्टा आणि १८६५ ची मंदी शिकले होते. दुसऱ्या टोकाला आपल्याच मुलांचा खापरपणजा उभा होता, हे एका शब्दाच्या बदलातून कळलं.

वडिलांचा रकाना कोरा आहे. आता?

आई अविवाहित होती, बहुधा. जीआरओच्या ऑनलाइन इंडेक्सात अशा मुलाच्या आईच्या माहेरच्या आडनावाच्या जागी नुसती आडवी रेघ दिसते. १८७५ पासून नियम असा, की लग्न न झालेल्या बापाचं नाव घालायचं तर त्याने स्वतः आईबरोबर येऊन सही करायची. तेव्हा कोऱ्या रकान्याचा अर्थ 'आईला बाप माहीत नव्हता' असा कधीच काढू नका. तो आला नाही, एवढाच अर्थ.

मुलाचं मधलं नाव आडनावासारखं वाटतंय का ते बघा. बऱ्याच आयांनी बापाचं आडनाव तिथे जपून ठेवलं आहे. मुलाच्या स्वतःच्या लग्नाच्या दाखल्यावर वडिलांच्या जागी काय लिहिलंय तेही बघा. कधी तिथे खरं नाव सापडतं, कधी आजोबांचं, कधी लाज झाकायला योजलेलं एखादं नाव. १९०४ पासून वर्कहाऊसमध्ये, म्हणजे गरिबांच्या सरकारी आश्रयगृहात, जन्मलेल्या मुलाच्या दाखल्यावर संस्थेचं नाव न लिहिता साधा रस्त्याचा पत्ता लिहायची सूचना निघाली. मुलाला जन्मभर तो डाग नको म्हणून. सरकारी परिपत्रकात इतकी माया क्वचित दिसते. पत्ता ओळखीचा नसेल तर त्या रस्त्यावर वर्कहाऊस होतं का ते शोधा.

जन्माची नोंद सापडतच नाही.

सर्वांत आधी स्पेलिंग सैल सोडा. नाव सांगणारी बाई अडाणी, लिहिणारा कारकून परगावचा. लँकशायर-यॉर्कशायरच्या बोलीत शब्दारंभीचा 'ह' गळतो, त्यामुळे 'हॅरिसन' शोधताना 'अॅरिसन'ही बघा. बाळाचं नाव ठरलं नव्हतं तर आडनावाखाली नुसतं 'मेल' किंवा 'फीमेल' म्हणून नोंद असते. लग्नाआधी झालेलं मूल आईच्या माहेरच्या आडनावाखाली असतं. घरात 'जॅक' म्हणून माहीत असलेला माणूस कागदावर 'जॉन' असतो, 'पॉली' ही 'मेरी' असते.

१८७५ पूर्वी नोंद करवून घेण्याची जबाबदारी मुख्यतः रजिस्ट्रारवर होती. त्या वर्षीपासून ती आईवडिलांवर आली आणि न केल्यास दंड लागू लागला. त्यामुळे सुरुवातीच्या दशकांत, विशेषतः मोठ्या शहरांत, बरीच मुलं सुटली आहेत. चर्चमध्ये नाव घातलं की झालं, असंही अनेकांना वाटे. अशा वेळी बाप्तिस्म्याची वही बघा.

कायदा कडक झाल्यावरही लोक सुटलेच. चार्ली चॅप्लिनचा जन्म १८८९ चा, पण त्याचा जन्मदाखला आजवर कुणाला मिळालेला नाही. १९५२ साली अमेरिकेच्या विनंतीवरून ब्रिटनच्या गुप्तचर खात्याने शोध घेतला, त्यांनाही मिळाला नाही. तेव्हा तुमचा पणजोबा सापडला नाही म्हणून खचू नका.

लग्नाच्या दाखल्यावर विश्वास किती ठेवायचा?

तारीख, जागा आणि सह्या यांवर पूर्ण. बाकीच्यावर बेताने.

वयाच्या जागी 'फुल एज' लिहिलं असेल तर अर्थ एवढाच, की ती व्यक्ती एकवीस पूर्ण झालेली, सज्ञान आहे. बावीस असेल, बासष्टही असेल. काहींनी आईवडिलांची संमती टाळायला एकोणिसाची एकवीस केली, काही बायकांनी नवऱ्यापेक्षा मोठ्या दिसू नये म्हणून चार वर्षं वगळली. १९२९ पर्यंत मुलीचं कायदेशीर किमान वय बारा आणि मुलाचं चौदा होतं, पण प्रत्यक्षात कष्टकरी लोक विशीच्या मध्यावर लग्न करत. आपल्या डोळ्यांसमोर बालविवाह येतो, तो तिथे आणू नका.

आधीच्या स्थितीचा रकाना फार बोलका असतो. 'विडोअर' दिसला तर नवरा बिजवर आहे, म्हणजे पहिली बायको आणि तिची मुलं शोधायची. तुम्ही ज्या बाईला पणजी समजत होता ती सावत्र निघू शकते. घटस्फोटित क्वचित दिसतील. १८५८ पासून घटस्फोट कोर्टात मिळू लागला तरी तो गरिबाच्या आवाक्यात नव्हता. माणसं वेगळी होत, दुसऱ्या गावी जाऊन लग्न न करताच नवराबायको म्हणून राहत. 'लग्न सापडतच नाही' याचं कारण पुष्कळदा असं असतं. आणखी एक कारण: मेलेल्या बायकोच्या बहिणीशी लग्न इंग्लंडमध्ये १९०७ पर्यंत बेकायदा होतं. धाकटी मेहुणी घरात आली, मुलं तिनेच वाढवली, पुढे तिलाही मुलं झाली, पण लग्न एक तर झालंच नाही किंवा कुणी ओळखणार नाही अशा शहरात उरकलं.

दोघांचा पत्ता एकच दिसला तर लगेच भुवया उंचावू नका. एकाच पॅरिशचा, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला, पत्ता दिला की चर्चमध्ये लग्नाआधी तीन रविवार करायची घोषणा एकाच ठिकाणी करून भागे आणि पैसे वाचत.

वडिलांच्या नावापुढे 'डिसीज्ड', म्हणजे मयत, असेल तर ते बहुधा खरं धरावं. नसेल तर ते जिवंत होते असं मात्र धरू नये, पुष्कळ रजिस्ट्रार विचारतच नसत. आणि आयांची नावं? इंग्लंड आणि वेल्समध्ये लग्नाच्या नोंदीत आईचं नाव यायला ४ मे २०२१ उजाडावा लागला. एकशे चौऱ्याऐंशी वर्षं लेकीच्या लग्नाच्या कागदावर आई नव्हती. मला याची अजून चीड येते.

म्हणून साक्षीदारांची नावं टिपून ठेवा. तिथे बहीण असते, मेहुणा असतो, कधी पुनर्विवाह केलेली आई नव्या आडनावाने सही करून गेलेली असते.

माणूस कधी मेला ते माहीत आहे. मग मृत्यूचा दाखला कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि मी सगळ्यात जास्त आग्रह याच दाखल्याचा धरते. यावर आईवडिलांची नावं नसतात (स्कॉटलंडमध्ये असतात), म्हणून लोक तो टाळतात. पण पुन्हा तोच रकाना वाचा: सांगणारा कोण. १८७५ पासून तिथे नातंही लिहू लागले. मुलगा, जावई, सून, पुतणी, आणि 'मृत्यूसमयी हजर' असा शेरा. ते माणूस शेवटच्या क्षणी त्या खोलीत होतं.

नवऱ्याचे एक खापरपणजोबा जनगणनेत एकटेच दिसत होते. दोनदा विधुर, मुलांचा पत्ता नाही. त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर वेगळ्याच आडनावाची एक मुलगी सापडली, हजर असलेली. तिचा पत्ता धरून पुढच्या जनगणनेत गेलो तर तिच्या घरात एक म्हातारी मावशी, आणि मावशीच्या जन्मगावापुढे आयर्लंडमधलं मेयो. तोवर आम्ही पाच वर्षं लँकशायरमध्येच खणत बसलो होतो.

वय सांगणारा जावई असेल तर दोन-चार वर्षं इकडेतिकडे धरा. १ एप्रिल १९६९ पासून जन्मतारीख, जन्मस्थळ आणि लग्न झालेल्या बाईचं माहेरचं आडनावही दाखल्यावर येतं. विवाहित बाईच्या धंद्याच्या जागी बहुतेकदा 'अमुकची बायको' किंवा 'अमुकची विधवा' असं असतं. तिचं स्वतःचं काम त्यामुळे झाकलं जातं, पण नवऱ्याचं नाव आणि धंदा फुकटात मिळतो.

कारणाच्या रकान्यातले शब्द आता वापरात नाहीत. 'थायसिस' आणि बऱ्याचदा 'डिक्लाइन' म्हणजे क्षय. 'ड्रॉप्सी' म्हणजे अंगात पाणी होणं. तान्ह्या मुलांच्या दाखल्यावर 'टीथिंग', म्हणजे दात येणं, हे मृत्यूचं कारण म्हणून दिसतं. त्या वयात दात येतच असतात, खरा आजार डॉक्टरांना कळलेला नसे. 'नॉट सर्टिफाइड' असेल तर डॉक्टर बोलावलाच नव्हता किंवा परवडला नव्हता. माहिती देणारा कॉरोनर, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी, असेल तर अपघात, आत्महत्या किंवा अचानक मृत्यू होऊन चौकशी झालेली आहे. मग त्या आठवड्याचं स्थानिक वर्तमानपत्र शोधा. चौकशीचे कागद पुष्कळदा राहिलेले नसतात, बातमी मात्र राहते.

एकाच नावाची चार माणसं निघाली तर?

निघणारच. मँचेस्टरमध्ये एका तिमाहीत जॉन टेलर कितीतरी. इथे जनगणना कामी येते. १८५१ पासून तीत जन्मगाव लिहिलेलं असतं. १८४१ च्या जनगणनेत मोठ्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणलेली आहेत, तेवढं सांभाळा. १९२१ पर्यंतच्या जनगणना खुल्या आहेत, १९३१ ची १९४२ साली आगीत जळाली, १९४१ ची झालीच नाही. मधली पोकळी सप्टेंबर १९३९ च्या युद्धकालीन नोंदवहीने थोडी भरते.

चौघांपैकी कोण लहानपणीच गेला ते मृत्यूच्या इंडेक्सवरून बघून खोडून टाका. मी असा एक 'पूर्वज' दोन वर्षं सांभाळला होता, तो अकराव्या महिन्यात गोवराने गेलेला निघाला. राहिलेल्यांचे दाखले मागवा आणि वडिलांचा धंदा लग्नाच्या दाखल्याशी ताडून बघा. तीन पौंडांची प्रतिमा याच कामासाठी आहे.

आमचे पणजोबा इंग्रज, पण जन्म पुण्याचा. त्यांचा दाखला जीआरओकडे मिळेल?

सहसा नाही. ब्रिटिश राजवटीत इथे जन्मलेल्या, लग्न झालेल्या आणि पुरलेल्या युरोपियनांच्या नोंदी चर्चच्या वह्यांत होत, आणि त्यांच्या नकला मुंबई, मद्रास आणि बंगाल अशा इलाख्यांप्रमाणे लंडनला जात. त्या आता ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. पुणे, खडकी, देवळाली, अहमदनगर, बेळगाव इथल्या नोंदी मुंबई इलाख्यात शोधा. मुंबईत फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथीड्रल आणि कुलाब्याचं अफगाण चर्च इथे अशी कितीतरी लग्नं लागली आहेत. सैन्यातल्या कुटुंबांच्या काही नोंदी मात्र जीआरओच्या पलटणींच्या वेगळ्या वह्यांत मिळतात, तेही बघून घ्या.

भारतातल्या या नोंदीत जन्मदाखल्याऐवजी बाप्तिस्मा असतो, पण जन्मतारीख बहुधा शेजारी दिलेली असते. इथून इंग्लंडला उडी मारायची ती लग्नाच्या नोंदीवरून, कारण तिथे वडिलांचं नाव मिळू शकतं. शिपाई असेल तर लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये त्याचे सैन्यसेवेचे कागद शोधा. निवृत्तीच्या कागदांवर जन्माचं पॅरिश लिहिलेलं असतं, आणि पॅरिश मिळालं की नोंदणी जिल्हा मिळतो.

दत्तक मुलाचं काय?

कायदेशीर दत्तकविधान आणि त्याची नोंदवही १ जानेवारी १९२७ पासून आहे. त्याआधी मूल आत्याकडे, शेजारी किंवा संस्थेमार्फत वाढत असे आणि कागद काहीच होत नसे. अशा वेळी जनगणनेत 'नर्स चाइल्ड' (सांभाळायला ठेवलेलं मूल) किंवा 'बोर्डर' (पैसे देऊन घरात राहणारा) म्हणून लिहिलेली लहान मुलं तपासा.

१८३७ च्या मागे कसं जायचं?

दाखल्यांच्याच आधाराने. १८४० साली लग्न झालेल्या माणसाचा जन्म १८१५ च्या आसपासचा, आणि त्याच्या वडिलांचं नाव व धंदा तुमच्या हातात आहे. १८५१ ची जनगणना गाव सांगते. आता त्या गावच्या पॅरिशची वही उघडायची. १८१३ पासून बाप्तिस्म्याच्या छापील नमुन्यात वडिलांचा धंदा आणि राहण्याची जागा येते, त्यामुळे दोन 'विल्यम'मधला आपला कोणता ते ठरवता येतं. १७५४ पासून लग्नाच्या नोंदीला ठरलेला नमुना आणि नवरानवरी व साक्षीदारांच्या सह्या आहेत. त्यामागे जाताना नोंदी त्रोटक होत जातात, आणि सगळ्यात जुन्या वह्या १५३८ पर्यंत पोचतात. मूळ वही फाटली-भिजली असेल तर बिशपकडे दरवर्षी पाठवलेली नक्कल त्या परगण्याच्या अभिलेखागारात विचारा. आमच्या घराण्याचं १८१९ सालचं एक पान तसंच मिळालं. मूळ वहीत त्या जागी किड्यांनी पाडलेली भोकं होती.